वर दहा, खाली दहा

एका पट्टीपायी पट्टीमास्तरनं आपला एकुलता एक मित्र गमावला. तो मित्र म्हणजे मी. त्याला दुसरा कोणी नव्हता हे मी छातीठोकपणे सांगतो. एकोणीस वर्षं मी त्याच्या खोलीवर जात होतो, तो माझ्या घरी येत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या दाराबाहेर तिसऱ्या कुणाची चप्पल मी कधी पाहिली नाही. मलाही बायको सोडली तर तोच होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यानं काय पणाला लावलं ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक राहील.

पट्टीमास्तर हे नाव त्याला कारखान्यानं दिलं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथंच राहिलं. शाळेतला मास्तर नव्हे हो, इन्स्ट्रुमेंट खात्यातला मिस्त्री. कारखान्यात जिथं जिथं काटा फिरतो, दाबाचा, तापमानाचा, पाण्याच्या पातळीचा, तिथं त्या काट्यामागची पट्टी कुठून सुरू करायची आणि कुठं संपवायची हे तो ठरवायचा. यात ठरवायचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मी बॉयलरच्या पॅनलवर बसणारा माणूस. काटा मध्यात आहे ना, मग झालं तर!

त्यावरून पहिल्याच आठवड्यात त्यानं मला झापलं होतं. "काटा मध्यात म्हणजे कशाच्या मध्यात रे? पट्टी किती लांब आहे ते माहीत आहे का तुला?"

"मला काय करायचंय? मी काटा बघतो."

"मग घरी जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघत बस."

तेव्हा मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण समजावलंही त्यानंच. बॉयलरच्या डोक्यावर एक आडवी लोखंडी टाकी असते, तिला ड्रम म्हणतात. खाली पाणी, वर वाफ. पाणी फार चढलं तर वाफेबरोबर पुढं जाऊन यंत्रांची वाट लावतं. फार उतरलं तर खालच्या नळ्या कोरड्या पडतात आणि फुटतात. आता त्या पाण्याची पट्टी तुम्ही लांबलचक घेतली, की काटा गुणी बाळासारखा मध्यात बसून राहतो. पाणी चार बोटं उतरलं तरी त्याला पत्ता नसतो. फारच आखूड घेतली, की काटा ऊठसूट नाचतो, आणि जरा जास्त झालं की टोकाला जाऊन चिकटतो. मग पुढं ड्रममध्ये काय चाललंय ते देवाला ठाऊक. आमच्या बॉयलरला मास्तरनं खूप दिवस पाणी बघून, वाफेची ओढ बघून पट्टी ठरवली होती: पाण्याच्या योग्य रेषेच्या वर दहा सेंटीमीटर, खाली दहा. डायलवर मात्र सेंटीमीटर नव्हते, शून्य ते शंभर टक्के होते. योग्य रेषा म्हणजे पन्नास. वीसपर्यंत उतरलं, म्हणजे सहा सेंटीमीटर खाली गेलं, की हॉर्न वाजायचा.

माणूस म्हणाल तर तिरसटच. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची एक खोली होती. लोखंडी जिना, दहा पायऱ्या सरळ आणि मग एक वळण. आत खाट, टेबल, दोन खुर्च्या. आई होती तोवर तीही तिथंच होती, ती गेली आणि हा एकटा उरला. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, "मला कोण झेलणार?" आणि ते खरंच होतं. घरमालकाच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला यानं आतून रंगानं पट्टी काढली होती, शून्य मध्यात, वरचे आकडे हिरवे, खालचे लाल. घरमालकीण बिचारी रोज वर जाऊन म्हणायची, आज पाणी उणे वीस आहे म्हणजे आहे की नाही ते सांगा बाई कोणीतरी. दुधाच्या पातेल्यावरही त्यानं खिळ्यानं खूण केली होती. उतू जायच्या आधी दोन बोटं. तरी दूध उतू जायचंच, कारण हा खूण बघत उभा राहायचा आणि गॅस बंद करायला विसरायचा.

आता तो दिवस. दुपारची वेळ, जेवणानंतरची. मी पॅनलवर, डोळे उघडे, पोट भरलेलं, हे कबूल. वाफेची मागणी एकदम वाढली. काटा पन्नासवरून खाली यायला लागला. चाळीस, पस्तीस. त्यात नवल काही नव्हतं, दिवसातून चारदा व्हायचं. मी ड्रमला पाणी देणाऱ्या फीड पंपाचा व्हॉल्व्ह आणखी उघडला. काटा तीसवर आला. तीस म्हणजे चार सेंटीमीटर खाली. अजून हॉर्नला अवकाश आहे, मी मनात म्हटलं, आणि पंपावरच्या माणसाला फोन लावला. ड्रमच्या बाजूला लावलेल्या काचेतून पाणी डोळ्यांनी बघता येतं, पण दोनपैकी एक काच दुरुस्तीला काढलेली आणि दुसरी इतकी मळकट की शिफ्टच्या सुरुवातीलाच मी तिच्यापुढं हात टेकले होते. फोन कानाला होता. काटा अठ्ठावीसवर. हॉर्न वाजला नाही. आणि मग जमीन हादरली.

बॉयलरची नळी फुटली. मी वाचलो, पॅनल लांब होतं. खाली राख काढणारा एक जण होता, राखवाला म्हणायचो आम्ही त्याला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जीव वाचला, पण बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर आले. पट्टी तपासली. वर दहा, खाली दहा, चोख. हॉर्न तपासला. काटा वीसवर आणला की ठणाणा वाजतो. मग त्यांनी मला विचारलं, "हॉर्न वाजला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"वाजलाच नाही साहेब."

"आत्ता वाजला तो?"

काटा अठ्ठावीसवर होता असं मी सांगितलं. अठ्ठावीसवर नळी फुटत नाही, ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. अहवालात चांगल्या भाषेत लिहिलं, चालकाचं लक्ष नव्हतं. कारखान्यानं साध्या भाषेत म्हटलं, डोळा लागला होता. मला पॅनलवरून काढून पाणी शुद्ध करायच्या शेडमध्ये टाकलं. सहा वर्षं मी तिथं बाटल्यांत थेंब मोजत बसलो. येणारे-जाणारे मला बघून गालाला हात लावून घोरल्याचा आवाज काढायचे. हसायचे लेकाचे.

खरं सांगू? तीनेक वर्षांनी मलाही वाटायला लागलं, की लागला असेल डोळा. फोन कानाला होता हे खरं, पण फोन कानाला धरूनही माणूस डुलकी घेऊ शकतो की! काटा अठ्ठावीसवर मी पाहिला, का स्वप्नात पाहिला? माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. बायको दर दोन-चार महिन्यांनी, भांडण नसताना, अगदी हळू आवाजात विचारायची, "अहो, खरं सांगा ना, डोळा लागला होता ना? मी काही बोलणार नाही." मी ओरडायचो. आणि मग पुन्हा काही महिन्यांनी तेच. पंधरा वर्षं आमच्या घरात तो प्रश्न असा वावरत होता.

या सगळ्या काळात माझ्याकडे येत राहिला तो एकच माणूस, पट्टीमास्तर. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला तो दारात उभा राहिला, हातात बुद्धिबळाचा पट. त्याआधी आमची दोस्ती अशी नव्हतीच, कामापुरतं बोलणं, त्यातही निम्मं भांडण. "खेळतोस का?" तो म्हणाला. मी म्हटलं, मला येत नाही. "मलाही फारसं येत नाही," तो म्हणाला आणि बसला. त्या दिवसापासून एक दिवस तो माझ्याकडे, एक दिवस मी त्याच्या खोलीवर. शिफ्ट आडवी आली की वेळ बदलायची, पण भेट चुकायची नाही. खेळात तो सहसा हरायचा. मी त्याला चिडवायचो, पट्टी मोजणाऱ्याला घोडा किती घरं चालतो ते मोजता येत नाही! तो नुसता मान हलवायचा. मला पॅनलवर परत घेतलं तेही त्यानं साहेबांच्या मागं लागून लागून, हे मला नंतर कळलं. बायको त्याला भावजी म्हणायची. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात मी शिफ्टवर असताना तोच बसायचा. ती गेली तेव्हा तिच्या माहेरच्यांना कळवायचं कामही त्यानंच केलं, मला तर फोनचा नंबर फिरवता येत नव्हता.

मी मनात म्हणायचो, जगानं मला झोपाळू ठरवलं, पण या एका माणसानं ठरवलं नाही. याच्यावर तरी माझा पूर्ण विश्वास आहे.

बायको गेल्यावर चार वर्षांनी कारखान्यानं नवा बॉयलर घ्यायचं ठरवलं. डायल नाही, काटा नाही, सगळं संगणकाच्या पडद्यावर. पॅनल बनवणाऱ्या कंपनीकडून एक इंजिनियर बाई आली होती, तिशीची असेल, वही घेऊन सगळ्यांना एकेका पट्टीबद्दल विचारत होती. बैठकीत आमचे साहेब, ती बाई, मी, आणि कोपऱ्यात पट्टीमास्तर. त्याच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"ड्रमच्या पातळीची पट्टी," बाई म्हणाली. "किती लांब ठेवायची, आणि टक्क्यांत की सेंटीमीटरमध्ये?"

"टक्क्यांत," साहेब म्हणाले. "आणि जरा ऐसपैस ठेवा. वर तीस, खाली तीस. पडद्यावर रेघ कशी सरळ दिसली पाहिजे. बाहेरची माणसं बघायला येतात, नाचणारी रेघ बरी दिसत नाही."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "समोर तुम्ही बसणार. तुमचं काय म्हणणं?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चालेल की. इतकी वर्षं नाचणारा काटा बघून डोळे गेले माझे."

बाई लिहायला लागली. कोपऱ्यातून आवाज आला, "नको."

"का हो मास्तर?" साहेब म्हणाले.

"नको. वर दहा, खाली दहा. आणि टक्के नकोत, सेंटीमीटर लिहा."

"अहो पण कारण?"

मास्तरनं नुसती नकाराची मान हलवली. मला त्याची गंमत वाटली. मी म्हटलं, "मास्तर, चार महिन्यांनी निघालास. आता तरी काट्याला निवांत बसू दे, आणि आम्हालाही." सगळे हसले. बाईसुद्धा हसली.

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं मी त्याच्यासमोर पट मांडून बसत होतो, पण असं तोंड मी त्याचं पाहिलं नव्हतं. आज मला कळतं, त्या क्षणी तो हिशेब करत होता, की बोललो तर हा जाणार. आणि न बोललो तर पट्टी जाणार.

तो उठून उभा राहिला. टेबलावर दोन्ही हात टेकले.

"जुन्या बॉयलरची पट्टी एकदा वर तीस, खाली तीस होती," तो म्हणाला. "तेरा दिवस. तेव्हाच्या साहेबांना बाहेरचे पाहुणे यायच्या आधी काटा शांत बसलेला हवा होता. म्हणाले, गाजावाजा करू नका, नोंदवहीत लिहू नका, पाहुणे गेले की परत फिरवा. मी केलं. डायलवर टक्के होते, त्यामुळं समोर बसलेल्याला कळायचं कारण नव्हतं. पन्नास तेव्हाही मध्यातच. पण तीस म्हणजे चार सेंटीमीटरऐवजी बारा झाले. हॉर्न वीसवर लावलेला होता, तो हलवायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे विसरलो मी. सहा सेंटीमीटरवर वाजायचा तो अठरावर गेला. तेराव्या दिवशी नळी फुटली."

साहेबांनी चष्मा काढला.

"त्याच दिवशी चार वाजता, सगळे राखवाल्याला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा, मी पट्टी परत दहावर आणली. इन्स्पेक्टरना सगळं चोख मिळालं." आणि मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा झोपला नव्हता. याचा काटा अठ्ठावीसवर होता. यानं खरं सांगितलं होतं."

साहेब म्हणाले, "चहा सांगा रे कोणीतरी." अशा वेळी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. बाईनं वहीत आधी लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि हळूच लिहिलं, वर दहा, खाली दहा, सेंटीमीटर.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? राग? छे! आनंद झाला मला. मी झोपलो नव्हतो! माझे डोळे शाबूत होते! मी खुर्चीवरून उठलो, दारापर्यंत गेलो, आणि तिथं, दाराच्या कडीला हात लावलेला असताना, राग आला. असा आला की हात कडीवरच राहिला. सहा वर्षं शेडमध्ये. पोरासोरांनी घोरून दाखवलेलं. आणि ती. ती मला झोपाळू समजून गेली, आणि हा मेला दिवसाआड माझ्या घरात तिच्या हातचा चहा पीत होता. बुद्धिबळात मुद्दाम हरत होता की काय? माझ्याशी दोस्ती केली, की नुसती भरपाई चालली होती? मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला मारलं असतं.

पुढच्या आठवड्यात मला एक पत्र मिळालं, दोन ओळींचं, की अमुक तारखेच्या अपघाताच्या नोंदीत दुरुस्ती करण्यात येत आहे. जुने साहेब कधीच वर गेले होते, त्यांना विचारणार कोण? पत्र घेऊन मी राखवाल्याकडे गेलो. तो माझ्याशी इतकी वर्षं बोलत नव्हता. त्यानं पत्र मुलीकडून वाचून घेतलं. "बरं," तो म्हणाला. "मग आता टाळ्या वाजवू का? माझ्या वाजत नाहीत." मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि परत आलो.

पट्टीमास्तर संध्याकाळी सहाला येतच राहिला. दार वाजायचं. मी आत खुर्चीवर बसून राहायचो, दिवा लावलेला, रेडिओ चालू, म्हणजे मी घरात आहे आणि उघडत नाही हे त्याला नीट कळावं. तो पाच-दहा मिनिटं थांबायचा. अकरा दिवस आला. बाराव्या दिवशी आला नाही. त्या दिवशी मी दारामागं उभा होतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याच्या निरोप समारंभालाही मी गेलो नाही. पाण्याचं टेस्टिंग आहे म्हणून सांगितलं, आणि जुन्या शेडमध्ये जाऊन उगीच बाटल्या धुवत बसलो.

नवा बॉयलर सुरू झाला. पडद्यावर रेघ नाचते, आणि नाचली की मी बघतो. खाली सेंटीमीटर लिहिलेत. पट्टी बदलायची तर तीन सह्या लागतात आणि समोर बसणाऱ्याची सही पहिली, असा नियम त्या बाईनं घालून दिला. कामाचं सगळं ठीक झालं. घरी मात्र सहा वाजले की मला काय करावं ते कळायचं नाही. भांडी घासून झालेली, वर्तमानपत्र वाचून झालेलं. शेजारचा एकदा पत्ते खेळायला बोलवून गेला, मी गेलो, आणि अर्ध्या डावातून उठून आलो. आपल्याला राग आला की माणसं कमी लागतात असं मला वाटायचं. उलट झालं. रागवायलाही तोच पाहिजे होता.

नऊ महिन्यांनी मी गेलो. माफ करायला नव्हे, हे स्पष्ट सांगतो. एक गोष्ट त्याच्या तोंडावर फेकायची होती, तिच्यासाठी गेलो. लोखंडी जिना चढलो. दार उघडंच होतं. तो खाटेवर बसून शर्टाचं बटण लावत होता, सुई डोळ्यांपासून वीतभर लांब धरून. खूप वाळला होता.

"ये," तो म्हणाला.

"येत नाही. इथूनच बोलतो." मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. "मला नाही सांगितलंस, ते एक वेळ समजू शकतो. भ्यायलास. पण ती मरायला टेकली होती, तू तिच्या उशाशी बसायचास. तिला तरी सांगायचं होतंस रे! ती मला झोपाळू समजून गेली. तिला सांगायला काय जात होतं तुझं?"

त्यानं सुई शर्टाला टोचून ठेवली.

"वहिनींना सांगितलं होतं," तो म्हणाला.

मी दाराची चौकट धरली.

"तू सकाळच्या शिफ्टला होतास. मी सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी, आज दुपारी तो आला की त्यालाही सांगतो आणि मोकळा होतो. त्या कितीतरी वेळ छताकडे बघत होत्या. मला वाटलं आता शिव्या देतील. तर म्हणाल्या, भावजी, मी काही फार दिवसांची नाही. तुम्ही हे सांगितलंत की ते तुम्हाला उंबरा चढू देणार नाहीत, मी ओळखते त्यांना. मग मी गेल्यावर त्यांच्याकडे येणार कोण? सांगू नका. मी गेल्यावरसुद्धा सांगू नका. शपथ घातली त्यांनी मला." त्यानं शर्ट बाजूला ठेवला. "चार वर्षं पाळली. त्या दिवशी बैठकीत तू स्वतःच म्हणालास, चालेल, वर तीस, खाली तीस. मग कशी पाळू?"

तेव्हा मला आठवलं. शेवटच्या आठवड्यात एकदा तिनं माझा हात धरला होता आणि म्हणाली होती, "तुम्ही झोपला नव्हतात. मला माहीत आहे." मला वाटलं, मरता मरता माझी समजूत घालतेय. मी हात सोडवून घेतला होता. म्हणालो होतो, "आता कशाला खोटं बोलतेस? पंधरा वर्षं विश्वास ठेवला नाहीस, आता उपकार नकोत." तिला सगळं बोलता आलं असतं, एका वाक्यात. ती गप्प राहिली, माझं ते बोलणं घेऊन.

मी जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर पायरीवर बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा रडलो नव्हतो इतका रडलो. वरून त्याचा आवाज आला, "उद्या येशील का रे?" मी डोळे पुसले आणि उरलेल्या पायऱ्या उतरलो.

याला आता सात महिने होतात. राग कोणावर आहे तेही मला धड सांगता येत नाही. संध्याकाळी सहाला मी रोज धुतलेला शर्ट घालतो, कुलूप लावतो आणि चालत त्या सायकलच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. वर खिडकीत दिवा असतो. कधी तो खिडकीपाशी उभा असतो, त्यालाही मी दिसत असणार. तिनं त्याला सांगितलं होतं, हे कळलं की ते तुम्हाला उंबरा चढू देणार नाहीत. आता तर उंबरा त्याचा आहे, मला फक्त दहा पायऱ्या आणि एक वळण चढायचं आहे, तरी माझा पाय उचलत नाही. मला तिनं किती बरोबर ओळखलं होतं! रोज त्या कोपऱ्यावर हेच मनात येतं, आणि मी घरी परत येतो.